राहण्याची सोय : नाही

इतिहास हा माझा विषय नव्हे. मी कॉमर्सचा पदवीधर. आमच्या शास्त्रात इतिहास नसतो, ‘मागील बाकी’ असते. ती पुढच्या पानावर ओढून घेतली, की मागचे पान उलटायचे आणि ऑडिटर येईपर्यंत त्याचे नाव काढायचे नाही. असे असूनही पलूस आणि भोवतालच्या कृष्णाकाठचा सहाशे वर्षांचा इतिहास लिहिण्याची पाळी माझ्यावर आली, ती आमच्या मुख्य कचेरीने पाठवलेल्या एका छापील तक्त्यामुळे.

तक्त्याचे नाव होते ‘शाखा-परिसर माहिती’. रकाने तीन. पहिला, प्रमुख दुकाने व व्यवसाय. दुसरा, उत्सव व कार्यक्रम. तिसरा, राहण्याची सोय. प्रत्येक रकान्याला जागा दीड ओळ. साहेबांनी तो तक्ता माझ्या टेबलावर ठेवला आणि म्हणाले, “तुम्ही ते दिवाळी अंकात वगैरे लिहिता ना काहीतरी? मग हे तुमचंच काम.”

बँकेतल्या माणसाने आयुष्यात एकदा जरी दिवाळी अंकात लिहिले, तरी त्याचे पुढे काय होते हे तुम्हांला ठाऊक नसेल. निवृत्त होणाऱ्या शिपायाच्या निरोपाचे भाषण त्याने लिहायचे. ‘येथे थुंकू नये’ ही पाटी त्यानेच लिहायची. आणि तिच्यावर कोणी थुंकले, तर भाषा परिणामकारक नव्हती असा ठपकाही त्याच्यावरच यायचा. मी मुकाट्याने तक्ता घेतला आणि जुनी फाईल काढली. मागच्या खेपेला कोणा पूर्वसूरीने तो भरला होता. त्याने लिहिले होते : ‘दुकाने : आहेत. उत्सव : होतात. राहण्याची सोय : नाही.’

इतका संक्षिप्त इतिहासकार मी आजवर पाहिलेला नाही. खरे सांगायचे तर मीही तेच उतरवून सही ठोकणार होतो. पण तेवढ्यात काउंटरच्या जाळीपलीकडून आवाज आला, “सायेब, आमच्या खोल्यांचं काय झालं?”

ह्या मावशी. भिलवडीत नदीकडे जाणाऱ्या रस्त्यावर त्यांची खानावळ आहे. वरच्या मजल्यावर दोन खोल्या काढायच्या, औदुंबरला येणाऱ्या यात्रेकरूंना आणि फिरतीवरच्या माणसांना रात्रीपुरत्या द्यायच्या, असा त्यांचा बेत. त्यासाठी चार लाखांचे कर्ज हवे होते. अर्ज माझ्याच टेबलावर पंधरा दिवस पडून होता. घर मयत सासऱ्यांच्या नावावर. जागा पुराच्या पाण्यात येणारी. उत्पन्नाचा पुरावा म्हणून जोडलेली एकच गोष्ट : उधारीची वही. मी त्या अर्जावर लाल शाईने स्वतःच्या हाताने लिहिले होते, ‘तारण अपुरे.’

“मावशी, तारण कमी पडतंय,” मी म्हणालो.

“मानूस हाय की.”

“माणूस तारण धरत नाही बँक.”

“मग काय धरतीया?”

ह्या प्रश्नाला बँकिंगच्या परीक्षेत उत्तर आहे, पण ते जाळीतून सांगण्यासारखे नाही. मी म्हटले, “पुढच्या आठवड्यात या.” आमच्या धंद्यात ह्या वाक्याला ‘ग्राहकसेवा’ म्हणतात. मावशी गेल्या आणि मी मन रमवायला पहिला रकाना हातात घेतला.

रकाना पहिला : दुकाने व व्यवसाय

पलूसच्या आसपासचे सगळ्यांत मोठे दुकान कोणते, असे विचारले तर कोणीही किर्लोस्करवाडीकडे बोट दाखवील. ते दुकान नव्हे, कारखाना, असे तुम्ही म्हणाल. पण त्याची सुरुवात दुकानानेच झाली, आणि तीही इथे नव्हे, बेळगावात. १८८८ साली. किर्लोस्कर बंधूंचे ते दुकान सायकलींचे होते. लक्ष्मणराव त्या वेळी मुंबईला तंत्रशाळेत शिकवीत. पुढे बढती आपल्याला मिळायची ती दुसऱ्यालाच मिळाली, म्हणून त्यांनी नोकरी सोडली आणि ते बेळगावला आले. (बढती आमच्याकडेही दुसऱ्यालाच मिळते. पण आम्ही नोकरी सोडत नाही, संध्याकाळी घरी जाऊन बायकोला सांगतो. म्हणून आमच्या नावाच्या वाड्या होत नाहीत.)

बेळगावात त्यांनी कडबा कापायचे यंत्र केले, लोखंडी नांगर केला. नांगर केला खरा, पण घेणार कोण? लोखंडाने जमिनीला विष चढते अशी शेतकऱ्याची समजूत. पहिला नांगर खपायला दोन वर्षे लागली. पुढे १९१० उजाडते न उजाडते तोच नगरपालिकेने जागा सोडायला सांगितली. यंत्रे, माणसे, बायकामुले सगळी रस्त्यावर यायची वेळ.

आता अशी कल्पना करा, की १९१० सालच्या फेब्रुवारीत लक्ष्मणराव किर्लोस्कर आमच्या शाखेत माझ्या टेबलासमोर येऊन बसले आहेत. मी अर्ज भरतो आहे.

वय : चाळीस. आधीची नोकरी : सोडली. सध्याचा धंदा : जागेअभावी बंद व्हायच्या बेतात. माल : लोखंडी नांगर. मालाला मागणी : दोन वर्षांत एक. नियोजित जागा : कुंडलरोड स्टेशनजवळ बत्तीस एकर माळ. माळावर पीक काय? निवडुंग. जनावरे? नाग. मनुष्यबळ? यंत्रांचा भार शंभूराव जांभेकरांवर, हिशेब मंगेशराव रेग्यांकडे, नव्या नव्या कल्पना काढायला अनंतराव फळणीकर. आणि ह्या फळणीकरांनी शाळा अर्धवट सोडलेली. रात्रीच्या राखणीला कोण? तर तुरुंगातून सुटून आलेली माणसे. तारण? नाही.

हे सगळे ऐकून मी लाल शाईची बाटली नव्हे, पिंप मागवले असते.

पण लक्ष्मणराव आमच्या शाखेत आले नाहीत, हे महाराष्ट्राचे भाग्य. ते औंधच्या राजाकडे गेले. बाळासाहेब पंतप्रतिनिधी त्या वेळी नुकतेच, म्हणजे १९०९ साली, गादीवर बसले होते. हे गृहस्थ स्वतः चित्रे काढीत आणि रोज सूर्यनमस्कार घालीत. छाती मोठी असण्याचे कारण तेच असावे. त्यांनी तो माळ दिला आणि वर दहा हजार रुपये दिले. बिनव्याजी! ‘बिनव्याजी’ हा शब्द लिहिताना आजही माझा हात थरथरतो. १० मार्च १९१० रोजी त्या माळावर कारखाना सुरू झाला. रामूअण्णांनी वसाहत आखली आणि निवडुंगाच्या जागी घरे आली. काही वर्षांनी कुंडलरोड हे स्टेशनचे नाव जाऊन किर्लोस्करवाडी हे नाव आले. कर्ज फेडणारे ऋणको मी पुष्कळ पाहिले. पण रेल्वेला स्टेशनचे नाव बदलायला लावणारा ऋणको माझ्या तरी पाहण्यात नाही.

त्याच माळावर १९२० साली शंकरराव किर्लोस्करांनी ‘किर्लोस्कर खबर’ नावाचे पत्रक काढले. नांगर-पंपांच्या बातम्या द्यायला निघालेल्या त्या पत्रकाचे मोठे मासिक झाले. मागोमाग १९३० साली ‘स्त्री’ आणि १९३४ साली ‘मनोहर’. म्हणजे पुण्यामुंबईच्या घराघरांतल्या बायका दुपारी पडल्या पडल्या जे मासिक वाचीत, ते आमच्या ह्या नागांच्या माळावर छापलेले असे. नांगर आणि मासिक एकाच गावी निघावे हे मला फार योग्य वाटते. दोन्हींचे काम उलथापालथ करण्याचेच.

दुसरे दुकान भिलवडीचे. भास्कर गणेश चितळे १९३९ साली भिलवडीला आले आणि त्यांनी दुधाचा व्यवसाय सुरू केला. भिलवडीच का? एक तर कृष्णाकाठची हिरवी वैरण, आणि दुसरे म्हणजे रेल्वे. दूध ही वस्तू आमच्या फायलीसारखी नाही, ती थांबत नाही. तेव्हा सकाळी काढलेले दूध गाडीत चढवून शहराकडे रवाना करता येईल असे गाव हवे होते. पुढे १९५० साली त्यांच्या मुलांनी पुण्यात मिठाईचे दुकान काढले आणि चितळे हे नाव पुणेरी झाले. पुण्याचा माणूस आज बाकरवडीचा पुडा अभिमानाने बगलेत मारून हिंडतो, तेव्हा मला गंमत वाटते. बाबा रे, ह्या घराण्याचा मुक्काम पोस्ट आमचा आहे!

आमच्या खोऱ्याची ही जुनीच रीत. वस्तू इथे जन्मते, नाव दुसरीकडे होते. पंडित विष्णु दिगंबर पलुस्करांचेच पाहा. जन्म कुरुंदवाडचा, १८७२ सालचा. दारूकामात लहानपणीच डोळ्यांना इजा झाली. मिरजेला बाळकृष्णबुवा इचलकरंजीकरांकडे गाणे शिकले आणि १९०१ साली थेट लाहोरात जाऊन गांधर्व महाविद्यालय काढले. घराण्याचे मूळचे आडनाव गाडगीळ. पण पलूसचे म्हणून पलुस्कर. पलूसमध्ये गाण्याची दुकाने नाहीत. पण हिंदुस्थानातल्या गाण्याच्या एका फार मोठ्या पेढीवर पाटी मात्र पलूसची.

एवढे लिहून होईतो दीड ओळ संपून सात पाने झाली होती.

रकाना दुसरा : उत्सव व कार्यक्रम

पलूसला धोंडीराज महाराजांची यात्रा भरते. यात्रेत आमच्या शाखेत पाय ठेवायला जागा नसते. कारण सगळे पैसे काढायला येतात. यात्रा संपली की आठवडाभर शाखेत चिटपाखरू नसते. कारण पैसे उरलेले नसतात. अर्थशास्त्राच्या पुस्तकात ज्याला ‘चलनवेग’ म्हणतात तो मला पुस्तकात कधी कळला नाही, पाळण्याच्या रांगेत कळला.

कुंडलला कुस्त्यांचे मैदान होते. तुम्ही ते पाहिले नसेल तर एकदा पाहाच. लाल माती, हलगीचा कडकडाट, फेटे आणि डोंगरउतारावर बसलेला माणसांचा दुसरा डोंगर. मी एकदा मोठ्या कौतुकाने गेलो. शेजारी एक आजोबा होते. दोन पैलवान दहा मिनिटे नुसते एकमेकांच्या मानेवर हात ठेवून उभे. मी म्हणालो, “आजोबा, हे काहीच करत नाहीत हो.” आजोबा म्हणाले, “तुमी कुठं असता?” “बँकेत.” “मग तुमाला म्हायती पायजे,” ते म्हणाले, “काय न करता उभं ऱ्हायला लई ताकद लागती.” मी पुढे कुस्ती संपेपर्यंत तोंड उघडले नाही.

ह्याच कुंडलात एक असा कार्यक्रम झाला, की त्याची पत्रिका छापली गेली नाही आणि तो जवळजवळ तीन वर्षे चालला. क्रांतिसिंह नाना पाटलांचे प्रतिसरकार. १९४३ ते १९४६ ह्या काळात सातारा जिल्ह्याच्या शेकडो गावांत इंग्रजांचे राज्य नावापुरते राहिले होते. (आपला सांगली जिल्हा तेव्हा साताऱ्यातच होता. १९४९ साली तो ‘दक्षिण सातारा’ म्हणून वेगळा झाला आणि १९६० साली त्याला सांगली हे नाव मिळाले.) गावातले तंटे गावातच तोडायचे, सावकाराच्या आणि गुंडांच्या मुसक्या बांधायच्या, कर्ज न काढता साधी लग्ने लावायची. कुंडलचे जी. डी. बापू लाड हे त्यांच्या तुफान सेनेचे बिनीचे शिलेदार. ७ जून १९४३ रोजी ह्या मंडळींनी शेणोलीजवळ सरकारी पगार नेणारी गाडी अडवली. १४ एप्रिल १९४४ रोजी तर दूर धुळ्याकडे जाऊन चिमठाण्यापाशी सरकारी खजिन्याचे सुमारे साडेपाच लाख रुपये काढून आणले.

बँकेचा माणूस म्हणून मी एवढेच म्हणेन, की विदड्रॉवल स्लिप न भरता एवढी मोठी रक्कम काढल्याचे उदाहरण आमच्या मॅन्युअलात नाही. पण ज्याने आयुष्यभर दुसऱ्याचे पैसे मोजले त्यालाच एक गोष्ट कळते. हे लोक एवढ्या पैशांना हात लावून परत आपल्या भाकरीच्या गाठोड्याकडे वळले. त्या पैशांवर कोणाचा बंगला उभा राहिला नाही.

तिसरा कार्यक्रम औदुंबरचा. दर मकरसंक्रांतीला कृष्णाकाठी साहित्य संमेलन भरते, १९३९ पासून. सदानंद साहित्य मंडळाचे हे काम. आणि त्यामागे आयुष्यभर उभे राहिले ते कवी सुधांशु. २००६ साली ते गेले, पण संक्रांत आणि संमेलन ही जोडी राहिली. मोठमोठे लेखक इथे आले. मीही एकदा श्रोत्यांत बसून आलो. शेजारच्या गृहस्थांनी मला तिळगूळ दिला आणि विचारले, “आपण लिहिता?” मी संकोचून “हो” म्हटले. “काय?” “विनोदी.” ते जरा गंभीर झाले आणि म्हणाले, “असू द्या. तिळगूळ घ्या.”

रकाना तिसरा : राहण्याची सोय

इथे आलो आणि पेन अडले.

आमच्या खोऱ्यात राहण्याची सोय नाही, हे वरवर अगदी खरे आहे. पाटी लावलेल्या खोल्या शोधायच्या तर सांगली-मिरजेकडे तोंड करावे लागते. आणि तरीही सहाशे वर्षे इथे माणसे येऊन राहतच आहेत. नोंदीतले पहिले मोठे पाहुणे म्हणजे श्रीनृसिंहसरस्वती. ते औदुंबरी एक चातुर्मास राहिले. चार महिने, पावसाळ्याचे, नदीकाठी, झाडाखाली. खोली मागितली नाही, गरम पाणी मागितले नाही. जाताना मागे विमल पादुका ठेवल्या. त्यांचाच आधार धरून पुढे वर्षानुवर्षे लोक येत राहिले. गुरुचरित्रातल्या त्या कथेत एक मंदबुद्धी मुलगा पलीकडच्या काठावर भुवनेश्वरीच्या देवळात धरणे धरून बसतो. देवी त्याला सांगते, नदी ओलांडून जा, पलीकडे झाडाखाली यती बसले आहेत. म्हणजे एका काउंटरवरून दुसऱ्या काउंटरवर पाठवणे ही रीतसुद्धा ह्या खोऱ्यातलीच. फरक एवढाच, की तिथे दुसऱ्या काउंटरवर काम झाले.

१९१० साली माळावर आलेली ती कुटुंबे कुठे राहिली? जिथे नाग राहत होते तिथेच. आणि प्रतिसरकारचे भूमिगत? त्यांच्यावर बक्षिसे लागलेली. पोलीस मागावर. ते तीन वर्षे कुठे झोपले? कुठल्याच लॉजच्या रजिस्टरात त्यांची नावे नाहीत. ते झोपले वस्तीवरच्या गोठ्यात, कडब्याच्या गंजीआड, कुणाच्या तरी माजघरात. सकाळी उठून गेले की घरची बाई ताट धुऊन ठेवी आणि विचारले तर म्हणे, “आमच्याकडं कोन येतंय?” ज्या बाईने हे सांगितले तिचे घर जप्त झाले असते. तिने तारण काय ठेवले होते? सगळेच.

हे लिहिता लिहिता मला माझीच पहिली रात्र आठवली, आणि खरे सांगतो, पेन खाली ठेवावेसे वाटले.

२०१८ सालचा जुलै. बदली झाली म्हणून मी पुण्याहून निघालो. उतरायचे किर्लोस्करवाडीला. ताकारी गेलेले मला आठवते. नंतर डोळा लागला. जाग आली तेव्हा गाडी एका स्टेशनात उभी होती. घाईघाईने ट्रंक घेऊन उतरलो, आणि गाडी सुटल्यावर पाटी वाचली : भिलवडी. रात्र, पाऊस, आणि स्टेशन एकीकडे तर गाव दुसरीकडे. दुधाच्या कॅनांच्या एका टेंपोवाल्याने मला कॅनांमध्ये कॅनासारखे उभे केले आणि गावात आणून एका खानावळीसमोर सोडले. खानावळ बंद होत होती.

“लॉज कुठे आहे का इथे?” मी विचारले.

“लॉज?” आतून एका बाईचा आवाज आला. “ते कशाला पायजे? जेवलासा का न्हाई आदी?”

भाकरी, पिठले आणि मिरचीचा ठेचा. मग टेबल बाजूला सारून, तांदळाच्या पोत्यांच्या मध्ये वाकळ पसरली गेली. मी तिच्यावर असा झोपलो की पहाटे पाण्याच्या बादल्यांनीच उठलो. निघताना पाकीट काढले. बाई म्हणाल्या, “जेवनाचं तेवढं द्या. झोपंचं काय पैसं घ्यायचं? झोप तुमचीच हुती की.”

त्या ह्याच मावशी. ‘तारण अपुरे’वाल्या.

आणि पुढचे वर्ष तर तुम्हांला आठवत असेलच. २०१९ चा ऑगस्ट. कृष्णा अशी चढली की नदी कुठली आणि गाव कुठले हे कळेना. आठ तारखेला ब्रह्मनाळला लोकांना सोडवून आणणारी बोट उलटली आणि माणसे गेली. त्या दिवसावर विनोद करण्याची माझी प्राज्ञा नाही. भिलवडीच्या बाजारपेठेत पाणी दिवसेंदिवस मुक्कामाला होते. तेवढ्या एका पाहुण्याला मात्र राहण्याची सोय विचारावी लागली नाही.

पाणी ओसरल्यावर मी खराटा घेऊन गेलो. खानावळीच्या भिंतीवर छताखाली चिखलाची रेघ उमटली होती. मावशी दारात बसून उधारीची वही एकेक पान उलटत उन्हाला दाखवीत होत्या. पाने निळी झाली होती. अक्षर एक दिसत नव्हते. मी मनात म्हटले, संपले. ज्या पेढीचे खातेच धुऊन गेले, ती बुडाली.

तेवढ्यात एक गडी आला. घर त्याचेही वाहून गेले होते. तो म्हणाला, “मावशे, माझं साडेतीनशे हुतं. ल्हिवा.” मग दुसरा आला. “माझं अकराशे.” मावशी म्हणाल्या, “तुझं एवढं कुठलं?” तो म्हणाला, “आसंल. धरा.” चार दिवसांत ती वही पुन्हा उभी राहिली, देणेकऱ्यांनी सांगितलेल्या तोंडी आकड्यांवर. किती मावशींचे खरोखर येणे होते आणि किती जास्त लिहिले गेले, ते कृष्णामाईलाच ठाऊक.

बँकेत वीस वर्षे काढली मी. ‘पत’ हा शब्द दिवसाकाठी पन्नासदा लिहितो. पण पत म्हणजे काय, ते त्या चिखलात उभे राहून पहिल्यांदा बघितले होते. आणि बघूनही पुढे अर्जावर काय लिहिले, ते मघाशी सांगितलेच.

शेरा

त्या रात्री मी मावशींच्या अर्जाला नवी टिपणी जोडली. चार पाने. सुरुवात औंधच्या राजापासून. सकाळी साहेबांनी वाचली. लाल पेन्सिलीने पहिली तीन पाने आडवी कापली.

“लक्ष्मणराव किर्लोस्करांचा आणि ह्या खानावळीचा संबंध काय?”

“साहेब, दोघांकडेही तारण नव्हतं.”

साहेब थोडा वेळ पंख्याकडे बघत बसले. पंखा बंद होता. मग म्हणाले, “राजाला वरून कोणी विचारणारं नव्हतं हो. मला आहे.” हे खोटे नव्हते. साहेबांनाही दोन मुली आहेत आणि निवृत्तीला तीन वर्षे. दहा हजार देणारा राजा होणे सोपे असेल. पण सहीमागे मेमो येईल हे ठाऊक असून सही करणे हे वेगळे धाडस.

“वारसनोंद करून आणू दे,” शेवटी ते म्हणाले. “ग्रामपंचायतीत तुम्ही स्वतः जा त्यांच्याबरोबर. खोली वरच्या मजल्यावर आहे हे ठळक लिहा. पुराचं मी बोलतो वर. आणि दोन जामीन पाहिजेत, चांगले.”

जामीन मावशींनी दुसऱ्याच दिवशी आणले. मी दोघांना ओळखले. एक साडेतीनशेवाला. दुसरा अकराशेवाला. पुरानंतर दोघांनीही हळूहळू बस्तान बसवले होते. एकाची द्राक्षबाग, दुसऱ्याचे दुधाचे संकलन. ज्याची उधारी तोच जामीन, हा प्रकार आमच्या मॅन्युअलात बसत नाही. पण कागद पूर्ण होते, आणि मॅन्युअल कागदच वाचते.

चार लाखांचे अडीच झाले. दोन खोल्यांची एक झाली. एरवी मी ह्यावर चार ओळी विनोद केला असता, पण मावशींनीच विषय संपवला. “एक तर एक. मानसं एकाच खोलीत बसत्यात. बसायची सवय पायजे.” पहिला हप्ता त्या स्वतः घेऊन आल्या. दहा-दहाच्या नोटा, तेलकट. मोजताना बोटांना ठेच्याचा वास लागला. मी हात धुतले नाहीत.

तक्ता मात्र मुख्य कचेरीने परत पाठवला. वर शेरा होता : ‘अठरा पुरवण्या परत करीत आहोत. माहिती रकान्यात मावेल एवढीच द्यावी. इतिहास नको.’ माझे वाङ्मय संपादकांकडून परत येण्याची मला सवय आहे, त्यामुळे फारसे वाईट वाटले नाही. मी नवा तक्ता घेतला. पूर्वसूरीचे शब्द समोर ठेवले. पहिल्या रकान्यात लिहिले, ‘आहेत.’ दुसऱ्यात लिहिले, ‘होतात.’ तिथे त्या गृहस्थांचे काही चुकले नव्हते.

तिसऱ्या रकान्यात दीड ओळ होती. ती मला बरोबर पुरली :

‘राहण्याची सोय : आहे. भिलवडीत. एक खोली, वरच्या मजल्यावर. पुराचे पाणी तिथपर्यंत येत नाही. आधी जेवावे लागते.’